आधी कोणी बसायचं

यंदा थंडी उशिरा आली, पण आल्यावर मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी हलायचं नाव घेईना. रविवारी सकाळी माझ्या नातीनं मला शालीत गुंडाळलं, गाडीत बसवलं आणि मोशीच्या मोठ्या रस्त्यावरच्या एका नाश्ता सेंटरला नेलं. नात म्हणजे पुतण्याची मुलगी. मला स्वतःचं मूल नाही, पण हक्क गाजवणारी माणसं भरपूर आहेत. पंचाहत्तरी उलटलेल्या बाईला भल्या सकाळी कुडकुडत बाहेर काढायचं आणि वर विचारायचं, "आजी, मजा येतेय ना?" मी हो म्हणाले. या वयात हो म्हणणं सोपं पडतं.

तिथं बसायला जागा फार नव्हती. उंच टेबलांभोवती माणसं उभ्यानं खात होती. मिसळीचा वास, पावाचा वास, मधूनच पेट्रोलचा. मला एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून नात आत गेली आणि तीन बशा घेऊन आली. तिचा नवरा गाडी लावायला गेला होता. तो यायच्या आत तिनं आपल्या बशीतला पाव मोडला, रश्शात बुडवला आणि ती खायला लागलीसुद्धा. तो आला, आपली बशी उचलली, म्हणाला, "तिखट आहे का?" ती तोंड भरलेलं असतानाच मान हलवून हो म्हणाली. एवढंच झालं. मी मात्र त्या दोघांकडे बघत राहिले.

"काय बघतेस गं?" नात म्हणाली. "खा ना, गार होतंय."

काय सांगणार? तिच्या पणजीची आणि माझी एक अख्खी थंडी या एवढ्याशा गोष्टीपायी उपाशी गेली होती, हे तिथं गरम मिसळीसमोर सांगण्यासारखं नव्हतं.

ती थंडी पन्नास सालानंतरची आणि साठच्या आतली. नेमकं साल माझ्या ध्यानात नाही, आणि राहिलं असतं तरी काय फरक पडला असता? पिंपरीला तेव्हा कुणी शहर म्हणत नव्हतं. मुंबईला जाणारा रस्ता, त्याच्या बाजूनं रेल्वेचे रूळ, आणि दोन्हीकडे ज्वारीची रानं. रानांच्या मधेच एखादा कारखाना उभा राहिलेला. फाळणीत घरंदारं सोडून आलेल्या सिंधी माणसांची छावणी बराकींमध्ये होती, तिला सगळे कॅम्प म्हणत. आणि रेल्वे फाटकाजवळ पत्र्याची एक चाळ, जिच्यात साताऱ्याची, कोकणातली, मराठवाड्यातली बिऱ्हाडं एकमेकांची बोली ऐकून तोंडाला पदर लावून हसत. त्या चाळीत शेवटून दुसरी खोली आमची.

आमची म्हणजे माझी आणि आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. मोशीची शेती मोठ्या मुलानं सांभाळली होती. धाकटा, म्हणजे माझा नवरा, औषधाच्या कारखान्यात लागला आणि पिंपरीत राहायला आला. सासरे आधीच गेलेले. आत्याबाईंचा जीव धाकट्यावर, म्हणून त्याही शेत, गोठा, जुनं घर सोडून त्याच्या मागोमाग पत्र्याखाली राहायला आल्या. पावसाळा सरता सरता माझ्या नवऱ्याला ताप आला. औषधाच्या कारखान्यातल्या माणसाला औषध लागू पडलं नाही. कारखान्यातल्या साहेबांनी मला बाटल्या धुण्याच्या खात्यात घेतलं. थंडी सुरू झाली तेव्हा मी कामाला जाऊ लागले होते.

मला तेव्हा दुःख होत नव्हतं. हे ऐकून लोक दचकतात, म्हणून मी सहसा बोलत नाही. तेराव्याला आलेल्या बाया माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, जणू त्यांचाच नवरा गेला होता. बाटल्या धुताना हात फार वेळ गार पाण्यात राहिले की बोटं आपली वाटत नाहीत. दिसतात, काम करतात, पण चिमटा काढला तरी कळत नाही. मी सगळीच्या सगळी तशी झाले होते.

सकाळी उजाडता उजाडता पहिला भोंगा व्हायचा. चाळीपुढे दहा शेगड्या पेटलेल्या, कोळशाचा धूर पत्र्याला धरून खाली उतरायचा. फाटकापाशी मालगाडीचं इंजिन उभं असलं तर त्याच्या वाफेनं तेवढाच रस्ता ऊबदार व्हायचा आणि कामावर जाणारी माणसं उगाचच तिथं रेंगाळायची. आत्याबाई माझ्याआधी उठून चूल पेटवून बसलेल्या असायच्या. मी आंघोळ करून, पदर कमरेला खोचून बाहेर पडायचे. "येते," म्हणायचे. "ये," म्हणायच्या. यापलीकडे सकाळचं बोलणं नाही. घरात काही खाऊन निघायचं, हे माझ्या डोक्यातही यायचं नाही.

मग मी बाहेर खायचे. हॉटेलात जाऊन खाणारी बाई तेव्हा चांगली समजत नसत, आणि विधवा तर नाहीच. पण आमच्या खात्यात कोकणातली सुलूताई होती, तिला कुणाची भीती नव्हती. फाटकासमोर पत्र्याच्या शेडमध्ये एक हॉटेल होतं. मालकाला सगळे नाना म्हणत. सुलूताईनं एके दिवशी नानांना सरळ विचारलं, "आम्ही काय भुतां आहोत काय? आम्हांक बसूक जागा नको?" नानांनी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या बाकड्यापुढे दोरी बांधून तिच्यावर साखरेचं पोतं टाकलं. झाली आमची फॅमिली रूम. पोत्याच्या पलीकडे पुरुषांचे पाय दिसायचे, अलीकडे आम्ही चौघी. उसळीचा लालभडक रस्सा, वर मूठभर शेव, आणि कॅम्पातल्या भट्टीतला पाव. सुलूताई नाक पुसत, हाय हाय करत खायची. मी पण खायचे. तिखट होतं की नव्हतं, मला काही कळायचं नाही. तिच्या नाकाचा लाल शेंडा बघून मी अंदाज करायचे की तिखट असावं.

नानांकडे गर्दी असली की मी कॅम्पातून जायचे. तिथं बराकीच्या दारात एक सिंधी बाई कढई घेऊन बसायची. आम्ही तिला चाची म्हणायचो. तिच्या पकवानांना, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या मोठ्या पुऱ्यांना, सगळी पिंपरी ओळखत होती: तांबूस, कडक, हातात घेतलं की मोडायची भीती वाटावी अशी. पानाच्या द्रोणात हरभऱ्याची घट्ट डाळ, वर चिंचेचं पाणी. पकवान मोडल्याचा आवाज थंडीत फार लांब ऐकू जातो. मला चव लागत नव्हती, पण तो आवाज मला आवडायचा. चाचीला मराठी जेमतेम यायचं आणि मला हिंदी त्याहून कमी, म्हणून आमचं छान जमायचं.

आणि कारखान्याच्या फाटकाशी कासारवाडीचा एक म्हातारा राखेत रताळी भाजत बसायचा. काही खायचं मन नसलं की मी त्याच्याकडून एक रताळं घ्यायचे आणि नुसतं पदरात धरून आत जायचे. खात्यात जाईपर्यंत हात शेकायचे. मग ते कुणाला तरी देऊन टाकायचे.

आता त्या जागी काय आहे, विचारू नका. नानांच्या शेडवरून उड्डाणपूल गेला आहे. कॅम्पात कापडाची चकचकीत दुकानं आहेत आणि दाराशी उभी असलेली मुलं "आओ मावशी" म्हणतात. मला वाईट वाटत नाही. चांगलं झालं. पत्र्याखाली राहून बघितलेल्या माणसाला पत्र्याचं कौतुक नसतं.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. संध्याकाळी मी परत यायचे तेव्हा आत्याबाईंनी बाजरीच्या भाकरी थापलेल्या असायच्या. पालेभाजी नाहीतर पिठलं. सगळं झाकून ठेवलेलं. मी हातपाय धुऊन यायचे आणि चुलीच्या एका बाजूला बसायचे. त्या दुसऱ्या बाजूला.

"जेव की," त्या म्हणायच्या.

"तुम्ही बसा, आत्याबाई."

"मला न्हाई भूक. तू बस."

"तुमच्या आदी कशी बसू?"

विस्तव विझत जायचा. भाकरी गार व्हायच्या. शेवटी त्या कुठंतरी चतकोर तोडून पाण्याबरोबर गिळायच्या, मी अर्धी खायचे, आणि उरलेलं सकाळी चाळीतल्या कुणाच्या तरी शेरडापुढे जायचं. दिवसामागून दिवस हेच. आत्याबाईंची चोळी दंडावर सैल पडायला लागली. शेजारणी मला बाजूला घेऊन म्हणायच्या, "म्हातारीनं अन्नावरची वासना काढली गं. पोटचा गेला, काय करंल?"

मलाही तसंच वाटलं. आणि खरं सांगायचं तर काळजी वाटली ती आधी स्वतःची. कारण मोठे भावजी, म्हणजे माझे थोरले दीर, दर पंधरवड्याला मोशीहून सायकलीवर पीठ घेऊन यायचे आणि दाराबाहेर उभं राहून आत्याबाईंना म्हणायचे, "आये, हितं कुनासाठी ऱ्हायलीयास? चल घरला." आत्याबाई गेल्या की माझंही चंबूगबाळं आवरलं जाणार होतं. तरणी विधवा कारखान्यात जाते आणि एकटी खोलीत राहते, हे तेव्हा कुणी ऐकूनही घेतलं नसतं. भावजी माणूस म्हणून वाईट नव्हते. मोशीला मला दोन वेळचं मिळालं असतं. पण तिथं जावेच्या चुलीपुढे बसून मी आयुष्यभर सगळ्यांची बिचारी झाले असते. बाटल्या धुताना मला कुणी बिचारी म्हणत नव्हतं. बाटली स्वच्छ आहे की नाही, एवढंच बघत. सगळं बधिर झालेलं असतानाही एवढी एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती की मला पिंपरी सोडायची नाही.

म्हणून मी आत्याबाईंना खायला घालायच्या मागे लागले. माझ्या अकलेप्रमाणे मला वाटलं, रोजच्या पिठल्याला त्या कंटाळल्या असतील. सुट्टीच्या दिवशी सकाळी नानांकडून कांद्याची भजी पुडीत बांधून आणली. दुखवट्याचं घर, वर्षभर आमच्या चुलीवर कढई चढणार नव्हती, म्हणून बाहेरचं तळण आणलं. आत्याबाईंनी पुडी हातात घेतली, वास घेतला, आणि टोपलीखाली ठेवून दिली. दुसऱ्या सुट्टीला पकवान आणलं. तेही टोपलीखाली. रताळी आणली, साल काढून, मीठ लावून पुढ्यात ठेवली. संध्याकाळी बघते तर टोपलीखाली.

"आवडलं न्हाई का?" मी विचारलं.

"आवडायला खाल्लंय कुठं?"

"मग ठेवलंय कुनाला?"

आत्याबाईंनी चुलीत काटकी सारली. मीही पुढे विचारलं नाही. आमच्या घरात गोड असो की तिखट, चांगलं काही आलं की ते आधी टोपलीखाली जायचं, पुरुषमाणूस घरी येईपर्यंत. मीही माहेरी, निघोज्याला, तसंच बघितलं होतं. त्यामुळे ते मला विचित्र वाटलं नाही. खरं म्हणजे वाटायला हवं होतं.

संक्रांतीच्या आसपास भावजी पुन्हा आले. थंडी भयंकर होती, सायकल हाकून कान लाल झालेले. आत्याबाई म्हणाल्या, "जेवून जा." ते आत येऊन बसले. मी पदर पुढे ओढून दाराआड सरकले. थोरल्या दिरासमोर धाकटी भावजय उभीही राहत नसे, बोलणं लांबच. आत्याबाईंनी वाढलं. भावजी पोटभर जेवले, ढेकर दिली, हात धुऊन बाहेर तंबाखू मळायला बसले. आणि मी दाराआडून बघितलं, आत्याबाईंनी त्यांचं ताट उचललं, विसळलं, त्यात दोन भाकरी घेतल्या, पिठलं घेतलं, कांदा फोडला आणि जेवायला बसल्या. सबंध दोन भाकरी. मग अर्धी आणखी. त्यांचे जबडे भराभर चालत होते. किती भूक असेल त्या बाईला!

भावजींनीही ते पाहिलं. त्यांना आनंद झाला. "बघ आये," ते बाहेरून म्हणाले, "मी आलो की जेवतीस. हितं तुझं मनच लागत न्हाई. म्हैना सरला की गाडी घिऊन येतो. दोघींना नेतो." आत्याबाई नाही म्हणाल्या नाहीत. तोंडात घास होता.

मी दाराआडच राहिले. मला राग आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. एवढंच वाटलं की झालं, संपलं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर निघाले. धुकं एवढं होतं की कॅम्पात बराकी दिसत नव्हत्या, नुसत्या चुली दिसत होत्या. चाचीनं कढई अजून चढवली नव्हती. ती पायरीवर बसून खात होती. मांडीवर ताट, ताटात काल राहिलेली जाड रोटी, लोणचं, आणि वाटीभर दही. चाचा तिच्यासमोर लाकडं फोडत उभा होता. दोन मुलगे दात घासत होते. कुणीही जेवलेलं नव्हतं आणि चाची खुशाल खात होती.

माझ्या तोंडून निघून गेलं, "चाची, तुम पहले खाती?"

ती हसली. "तो कौन खाएगा पहले? सुबह से दोपहर तक मेरे को बैठना है आग के पास. भूखे हाथ से नमक बिगड़ता है, बेटी." मग चाचाकडे मान उडवून म्हणाली, "ये बाद में खाता है. मरता नहीं."

चाचाही हसला. लाकडं फोडत राहिला.

मी त्या दिवशी पकवान घेतलं, द्रोण घेतला आणि तिथंच उभी राहिले. खाल्लं की नाही, आठवत नाही. दिवसभर बाटल्या धुताना माझ्यासमोर एकच चित्र येत होतं: चुलीच्या दोन बाजूंना आम्ही दोघी, मध्ये झाकलेल्या भाकरी. जन्मभर आम्ही पुरुषांच्या मागून जेवलो. आधी बाप, भाऊ, सासरा, नवरा, मुलगा. त्यांचं ताट उचललं की आपली वेळ झाली, हे पोटालाच शिकवलेलं होतं. आता त्या खोलीत कुणी आधी जेवणारच नव्हतं, मग मागून जेवायची वेळ येणार कुठून? आत्याबाईंनी अन्नावरची वासना काढलेली नव्हती. त्या वाट बघत होत्या. आणि मी, शहाणी, त्यांच्या मागून जेवायचं म्हणून त्यांची वाट बघत होते. हे दोघींपैकी एकीलाही कळलं नव्हतं, कारण यात कळण्यासारखं काही असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी आले. हातपाय धुतले. पण चुलीशी बसले नाही. भिंतीला टेकवून ठेवलेला पाट घेतला. त्या पाटावर माझा नवरा गेल्यापासून कुणी बसलं नव्हतं. तो मध्ये मांडला आणि त्यावर बसले. 

"आत्याबाई, लई भूक लागलीया. वाढा."

भूक वगैरे काही नव्हती. साफ खोटं बोलले.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. नाहीतर रडतील, आणि मग मला काय करायचं ते सुचणार नाही. त्यांनी टोपली उचलली. ताटात भाकरी ठेवली, पिठलं वाढलं, बाजूला मीठ. मग त्यांचा हात क्षणभर थांबला आणि उतरंडीतल्या गाडग्यातून त्यांनी लोण्याचा गोळा काढून भाकरीवर ठेवला. ते लोणी भावजींनी आणलेलं होतं, इतके दिवस गाडग्यातच पडून होतं. मी जेवायला लागले. त्या पळी हातात धरून समोर बसल्या, मुलाला वाढताना बसायच्या तशा. भाकरी संपत आली की न विचारता दुसरी टाकली.

मी जेवले. मातीसारखं लागत होतं तरी जेवले. ताट बाजूला केलं, पाणी प्यायले, उठले. आणि आत्याबाई माझंच ताट ओढून घेऊन जेवायला बसल्या.

आम्ही दोघीही त्याबद्दल कधी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा पाट मांडलेला होता. तिसऱ्या दिवशीही. मी कामावरून यायचे, जेवायचे, मग आत्याबाई जेवायच्या. त्यांच्या अंगावर हळूहळू मांस दिसायला लागलं. मला काही होत नव्हतं. सुख नाही, अपराध नाही. नवऱ्याच्या पाटावर बसून जेवते म्हणून छातीत कळ यावी, तीही येत नव्हती. शेजारणींनी पाहिलं तेव्हा एक जण म्हणाली, "काय बाई, सासूच्या आधी जेवती ही! जनाची न्हाई तर मनाची तरी." आत्याबाई ऐकून न ऐकल्यासारख्या करून राख उकरत राहिल्या. त्या माझ्या बाजूनं आहेत की नाहीत, मला सांगता आलं नसतं. चाळीपुरती गोष्ट वेगळी. स्वतःच्या थोरल्या मुलासमोर कोण आई असलं काही होऊ देईल? आणि तो मुलगा गाडी घेऊन येणारच होता.

तो आला तेव्हा थंडी सरत आली होती. रानात ज्वारी काढणीला आलेली, वारं उलटं फिरायला लागलेलं. मी कामावरून परतले तर चाळीच्या तोंडाशी बैलगाडी उभी. बैल सोडलेले नव्हते. गाडीत गवत अंथरलेलं आणि त्यावर आत्याबाईंचं बोचकं बांधून ठेवलेलं. मनात म्हटलं, उद्या सुलूताईला निरोप कसा धाडायचा? खात्यात कुणाला सांगायचं? तेवढंच सुचलं.

दारात आले तर भावजी आत भिंतीला टेकून बसलेले. त्यांच्यापुढे ताट नव्हतं. चुलीवर भाकरी शेकत होती.

"आये, वाढ की आता," ते म्हणत होते. "कवापासनं म्हनतोय. अंधार व्हायच्या आत वढा वलांडायचाय."

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. "कामावरचं मानूस यायचंय अजून."

"कंचं मानूस?"

आत्याबाई मला दारात बघून म्हणाल्या, "आलीस? हातपाय धू."

मी पदर ओढून बाहेरच उभी राहिले. आत जायचं, ते भावजींसमोर? पाण्याच्या घंगाळाशी मी कितीतरी वेळ हात धूत राहिले. आतून पाट ठेवल्याचा आवाज आला. मग ताटाचा. मग आत्याबाई दारात आल्या, माझं मनगट धरलं आणि मला आत नेलं. "बस," म्हणाल्या. मी नको नको म्हणत होते. "बस म्हनते ना."

मी बसले. भावजींकडे पाठ करून, अर्धी वाकडी. आत्याबाईंनी वाढलं. भाकरी गरम होती, हाताला चटका बसला. पहिला घास घेतला आणि मला रडू आलं. इतक्या महिन्यांत न आलेलं, आणि आलं ते थोरल्या दिरासमोर, तोंडात घास असताना. मी रडत होते आणि जेवत होते. नवरा आठवत होता, त्याचा ताप आठवत होता, त्याचं शेवटी पाणी मागणं आठवत होतं. फार दुखत होतं. आत्याबाईंनी गप्प बस म्हटलं नाही. दुसरी भाकरी टाकली.

मी उठल्यावर आत्याबाईंनी भावजींना वाढलं. ते खाली मान घालून जेवले. मग आत्याबाई बसल्या. मी सवयीनं त्यांना वाढायला पुढे झाले.

"तू आडवी हो जरा," त्या म्हणाल्या. "सकाळी भोंग्याला उठायचंय तुला. मी घेईन माझ्या हातानं."

भावजींनी ते ऐकलं. हात धुवायला उठले, बाहेर गेले, आणि गाडीतलं आत्याबाईंचं बोचकं उचलून त्यांनी घरात आणून ठेवलं.